गरजेपोटी

महापेच्या चौथ्या मजल्यावर, रात्रपाळीत,
मी एक घर काढते आहे
जे मी पाहिलेलं नाही.
फ्रान्समधलं. नदीकाठचं. तीनशे वर्षांचं.
तिथे एक तत्त्वज्ञ राहायचा म्हणे.
काय म्हणून गेला तो, मला ठाऊक नाही;
त्याचा जिना मात्र पाठ आहे.
सतरा पायऱ्या. पाचवी डावीकडे
अठरा मिलिमीटर झिजलेली.
तिकडच्या बाईंची ताकीद आहे:
सरळ रेघ मारू नका,
आहे तशी दाखवा.

लेझरने टिपून पाठवलेलं घर
उघडलं की नुसते ठिपके,
कोट्यवधी, करडे,
मिठागरावर उजाडताना
बाबांना दिसायचं तसं काहीसं.
ठिपके जोडले की भिंत होते,
भिंती जोडल्या की खोली,
आणि खोलीत जे घराचं नाही ते काढून टाकायचं:
सायकल, छत्री, हललेला पडदा,
माणसं.
यंत्र फिरताना कुणी मध्ये आलं
की त्याचा डाग पडतो.
स्वयंपाकघरात अशी एक बाई होती.
खांदा, एप्रनची नाडी, वाकलेली पाठ,
चेहरा नाही.
फरशी पुसत असावी.
तीन रात्री तिला राहू दिलं.
चौथ्या रात्री तुंगारे सर म्हणाले, नॉइज आहे, काढ.
काढली.

मग अकरा नंबरच्या शीटवर भिंत जुळेना.
मागची खोली, जिथे बसून तो लिहायचा,
मूळ घराला नुसती येऊन टेकलेली.
दगड वेगळा, जाडी वेगळी,
एक कोपरा धड काटकोनात नाही
आणि पागोळ्या थेट शेजाऱ्याच्या अंगणात.
मला हसू फुटलं.
पलीकडून रेहाना म्हणाली, काय गं?
म्हटलं, बघ ना,
यानेपण मागे काढलंय.

आमच्या घणसोली गावठाणात
बाबांनी मागे काढलं
तेव्हा दादाचं लग्न ठरलं होतं.
वर काढलं ते भाडेकरूंसाठी, कारण
शेत सिडकोत गेलं होतं
आणि साडेबारा टक्क्यांची फाइल
कुठल्याशा टेबलावर आंबत होती, आहे.
परवा नोटीस आली:
मंजूर नकाशा सादर करावा.
बाबांनी कागद उलटा करून पाहिला, मागे कोरा.
"नकाशा कसला? पोरा झाली तशा खोल्या झाल्या."
सरकारी भाषेत आमच्या घरांना नाव आहे,
गरजेपोटी बांधलेली.

तत्त्वज्ञाची काय गरज असेल?
आतून कडी लागणारी खोली.
पोरांचं रडणं, भांड्यांचा आवाज
भिंतीपलीकडे राहील अशी.
पाण्यावरून शेजारी भांडला असेल का?
त्याने सहा महिने तोंड चुकवलं असेल का?
त्याची पुस्तकं वाचलेल्यांना विचारा.
मी वाचत नाही, मोजते.

पहाटे पावणेपाचला तक्ता भरताना
मागच्या खोलीसमोर पर्याय तीन:
मूळ, नंतरचं, अज्ञात.
'नंतरचं' निवडलं.
शेऱ्याच्या चौकटीत, हात थांबायच्या आत,
रोमन अक्षरांत टाइप झालं: गरजेपोटी.

दोन दिवसांनी बाईंची मेल.
खोली उत्तम जमली आहे.
शेऱ्यातला शब्द कोणत्या भाषेतला?
ही बांधकामातली संज्ञा आहे का?

अजून उत्तर दिलेलं नाही.
रविवारी टेप घेऊन आमच्या जिन्यावर बसले.
दुसरं टोक बाबांच्या हातात;
ते मध्येच सोडून
खाली कुणाशी तरी बोलायला जातात
आणि टेप सर्रकन माझ्या बोटांवर.
तेरा पायऱ्या, दोन सारख्या नाहीत.
झीज अजून कुठेच नाही.
सातवीवर फक्त
ओल्या सिमेंटात उमटलेलं
कुण्या बिगारणीचं अर्धं पाऊल.
तेही काढलं,
आहे तसं,
चार बोटं आणि अंगठा.